वेग वाढला, पोहणं बुडालं

धुळ्याच्या चुलतभावानं भर मे महिन्यात महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि उघडलं काय, तर सॅन अँड्रियास. पीसीवर 2005 साली आलेला गेम! त्यात फ्रेम लिमिटर नावाचा पर्याय असतो. चालू ठेवला की गेम सेकंदाला साधारण 25 फ्रेमवर अडतो. भाऊ म्हणाला, ‘‘काय भो, एवढे पैसे मोजून पंचवीसच?’’ आणि लिमिटर बंद. चित्र लोण्यासारखं गुळगुळीत झालं. फक्त नायक पाण्यात पडला की कितीही हातपाय मारो, गोगलगायीसारखा सरकायला लागला. जुन्या गेमांत बराचसा हिशेब फ्रेम मोजून होतो, फ्रेम वाढल्या की तो कोलमडतो. 2011च्या स्कायरिममध्ये 60च्या वर गेलात तर टेबलावरची भांडीसुद्धा आपण होऊन उडतात.

मग त्यानं व्ही-सिंक लावलं. मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, कार्डानं त्याच्या वेळापत्रकानं चालायचं. नाहीतर चित्र आडवं फाटतं. पण फ्रेम जराशी उशिरा आली की पुढच्या फेरीपर्यंत थांबा, म्हणजे 60चे थेट 30. जळगाव स्टेशनवर जिची पॅसेंजर एका मिनिटानं चुकली, त्या माझ्या मावशीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आणि लगामच नसेल तर कार्ड नुसत्या मेनूवरही शेकडो फ्रेम ओकत बसतं. खानदेशी उन्हाळ्यात त्यावर भरताची वांगी भाजून घ्या हवी तर. पोहायचं असेल तेव्हा मात्र लिमिटर चालू करा.