पाचवं स्थळ

पासाऊ ते व्हिएन्ना हा सायकलप्रवास सोपा आहे असं जे सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. फक्त उताराबद्दल जरा उदार असतात. जर्मनीच्या टोकावरच्या पासाऊहून डॅन्यूब ऑस्ट्रियात शिरते, तिच्या काठाकाठाने सायकलींचा रस्ता जातो, मोटारी जवळजवळ नाहीतच. आणि ज्या अर्थी नदी पुढे वाहते, त्या अर्थी रस्ताही उतरतच असणार, असं आमच्या मॅनेजरने आम्हाला पटवलं होतं. ही बँकेतून निवृत्त झालेली. कर्ज नाकारताना जो आवाज लावायची, त्याच आवाजात सहलीचे बेत जाहीर करते, त्यामुळे अपिलाची सोय नसते.

आमच्यातली दुसरी गणित शिकवायची. तिला आम्ही 'बाई'च म्हणतो. तिने विमानातच कागद काढला. पासाऊ समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास, व्हिएन्ना १६० च्या. अंतर सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा उतार नाही.

"आपल्या न्हाणीघराच्या फरशीला याहून जास्त असतो," बाई म्हणाली, "तरी पाणी तुंबतं."

तिसरी दातांची डॉक्टर. आणि चौथी मी, जिच्याकडे सांगण्यासारखं कौशल्य नसल्याने नकाशा दिला गेला.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात आणि बराच वेळ आपापला रंग सोडत नाहीत. टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत. २०१३ साली पाणी जवळपास तेरा मीटरवर गेलं होतं. हे सगळं पाहायला सवड होती, कारण सायकली ताब्यात देणारा मुलगा प्रत्येकीच्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये लावत होता. सायकल मात्र उत्तम. बिनदांडीची, आपल्याकडे जिला लेडीज सायकल म्हणून पोरं नाक मुरडायची तसली. तिथे सहा फुटी पुरुष तिच्यावर ताठ मानेने बसतात.

गोम होती ती ब्रेकमध्ये. पुढचा ब्रेक हँडलवर, मागचा पायात. पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आता, सायकलींचं शहर म्हणून नाव असलेल्या पुण्यात आम्ही चौघी वाढलो. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल लागला की पायाने पेडल उलटं घुमवून सोयीच्या जागी आणायचं, उतारावर उगाच चेन उलटी फिरवत करकर वाजवत जायचं, हा आमच्या पिढीचा रियाज. डॉक्टरच्या पायाने पासाऊबाहेरच्या पहिल्याच उतारावर हा रियाज केला. सायकल थांबली. डॉक्टर थांबली नाही.

ती पडली हिरवळीवर, त्यामुळे इजा फक्त पदवीला झाली. मागून येणारे एक आजोबा थांबले, त्यांनी तिला उठवलं, तिच्या हेल्मेटचा पट्टा आवळला, जर्मनमध्ये पाच मिनिटांचं व्याख्यान दिलं आणि आजींना घेऊन वाऱ्यासारखे निघून गेले. दोघांच्याही सायकली बॅटरीच्या. पुढे ही जमात आम्हाला रोज भेटली. ऐंशीच्या घरातली जोडपी, पाठ ताठ, गळ्यात रुमाल, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. मागून येतात, 'ग्रुस गॉट' म्हणतात आणि आपण उलट नमस्कार करेपर्यंत पुढच्या वळणावर असतात.

"बॅटरीवर काय, कुणीही जाईल," मॅनेजर म्हणायची. लिंझला पोचल्यावर तिने गुपचूप बॅटरीच्या सायकलींचं भाडं विचारलं.

नदीकाठी किलोमीटरचे फलक आहेत. डॅन्यूब मुखाकडून मोजतात, म्हणजे काळ्या समुद्राशी शून्य, पासाऊला २२२५ च्या आसपास आणि पुढे जावं तसा आकडा उतरत जातो. बाईला हे फार आवडलं. डॉक्टरला नाही. दिवसभर पेडल मारून शिल्लक दोन हजार एकशे काही उरते, हे पाहून तिला घरच्या हप्त्यांची आठवण यायची.

श्लोगेनला नदी ग्रॅनाइटला आपटून जवळजवळ आल्या दिशेला वळते. डाव्या काठाने गेलं तर एका जागी रस्ताच संपतो. तिथून सायकलींसकट होडीत बसायचं. दृश्य सुंदर आहे एवढं सांगून पुढे जाते, कारण एफर्डिंगला पोचायचंय.

एफर्डिंग हे लिंझच्या अलीकडचं गाव, आणि १६१३ साली तिथे केप्लरचं दुसरं लग्न झालं. तोच, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा. पहिली बायको वारल्यावर या गृहस्थाने दोनेक वर्षांत अकरा स्थळं पाहिली आणि एका लांबलचक पत्रात त्यांचा हिशोब लिहून ठेवला. शेवटी लग्न केलं ते पाचवीशी.

"पाचवीत काय वाईट होतं, की आणखी सहा पाहिल्या?" मॅनेजर.

"लोक म्हणाले, गरीब आहे, हुंडा नाही. म्हणून पुढे पाहत राहिला. मग परत फिरला."

"आणि ती थांबली होती?"

"थांबली होती."

"मूर्ख," डॉक्टर म्हणाली. कोण, ते तिने सांगितलं नाही.

बाईने सायकल कडेला घेतली. आता शाळा भरणार हे आम्ही ओळखलं. गणितात म्हणे याचा नियम आहे. एकामागून एक गोष्टी समोर येत असतील आणि नाकारलेली परत मिळणार नसेल, तर पहिल्या ३७ टक्के नुसत्या पाहायच्या, कितीही आवडल्या तरी सोडायच्या. त्यानंतर त्या सगळ्यांहून सरस अशी जी पहिली दिसेल, ती घ्यायची. अकराचे ३७ टक्के म्हणजे चार. चार सोडायच्या, पाचवी चांगली निघाली की थांबायचं. "केप्लरला हा नियम माहीत असता तर सहा घरचे पोहे वाचले असते."

हा नियम आम्ही त्याच संध्याकाळी वापरला. मॅनेजरचा आगाऊ बुकिंगवर विश्वास नाही. जागेवर घासाघीस करता येते असं तिचं म्हणणं, आणि तेही ऐन जुलैत. वाटेवरच्या गावांत खाणावळ आणि वर दोन-चार खोल्या असलेली गास्टहाउस असतात. पहिलं महाग. दुसऱ्यात चौघींत एक खोली. तिसऱ्याच्या मालकाने आमच्याकडे पाहूनच मान हलवली. चौथं मात्र स्वप्नातलं होतं: नदीवर उघडणारी गॅलरी, कठड्यावर लालभडक जिरॅनियम, स्वयंपाकघरातून बटाट्याचा वास आणि दर मॅनेजरलाही बोलायला जागा न ठेवणारा.

"चौथं आहे," बाई म्हणाली. "सोडायचं."

"अगं, पण—"

"पण म्हटलं की नियम संपला."

पाचव्याच्या दारावर पाटी होती. साप्ताहिक सुट्टी. सहावं चौथ्याच्या पासंगाला पुरलं नाही. सातव्याशी पोचेतो अंधारून आलं आणि सर्वोत्तम गोष्ट पहिल्या ३७ टक्क्यांतच येऊन गेली असेल तर काय, असं डॉक्टरने विचारलं. बाई प्रामाणिक आहे. "मग हा नियम हरतो," ती म्हणाली. "हे आधी सांगायला हवं होतंस," मॅनेजर म्हणाली, ज्या स्वरात कर्जदार अटींची बारीक छपाई नंतर दाखवल्याबद्दल तिच्याशी बोलत असतील.

केप्लर परत फिरला होता. आम्हीही फिरलो. चौथ्याच्या गॅलरीत दिवे लागले होते आणि जिरॅनियमच्या मागे, बिअरचे उंच ग्लास पुढ्यात घेऊन, डॉक्टरचे आजोबा-आजी बसले होते. शेवटची खोली त्यांनी घेतली होती. "ग्रुस गॉट!" आजोबा वरून ओरडले आणि हेल्मेटचा पट्टा नीट आहे ना, अशी हाताने खूण केली. ती रात्र आम्ही एका शेतकऱ्याकडे, गोठ्यावरच्या खोलीत काढली. मॅनेजरने घासाघीस केली नाही.

याच केप्लरने लग्नानंतर घरात वाइनची पिंपं भरली. व्यापारी आला, पिंपाच्या भोकातून एक पट्टी तिरपी घातली आणि पट्टी किती भिजली त्यावरून किंमत सांगितली. केप्लरला ते पटेना, म्हणून पिंपाचं घनफळ कसं काढावं यावर त्याने १६१५ मध्ये लिंझला अख्खं पुस्तक छापलं. बिल न पटण्याचं हे टोक पाहून मॅनेजरने त्याला माफ केलं.

लिंझच्या पुढे माउटहाउझेन आहे. सायकलींच्या रस्त्यावरून दिसतं ते नदीकाठचं गोजिरवाणं गाव. नाझींची छळछावणी वर टेकडीवर, ग्रॅनाइटच्या खाणीशी. १९३८ ते १९४५ या काळात तिथे आणि तिच्या उपछावण्यांत मिळून किमान ९० हजार माणसं मारली गेली. खाणीच्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड वाहायला लावत. आम्ही वर गेलो. त्या दिवशी बाईने काही मोजलं नाही, आणि पुढची गावं कुठली लागली हे नकाशा माझ्याकडे असूनही मला सांगता येणार नाही.

मेल्कनंतर वाखाउ लागतं. द्राक्षमळ्यांचे दगडी बांध आणि जर्दाळूच्या बागा. वाटेवर कडेला टेबल, त्यावर जर्दाळूच्या पेट्या आणि एक पैशांचा डबा. माणूस नाही. मॅनेजरने आधी झुडपांमागे पाहिलं. मग पैसे टाकले, सुट्टे परत घेतले, आणि घेतलेल्या सुट्ट्यांची चिठ्ठी लिहून, सही करून डब्यात टाकली. डुर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डला ११९२-९३ च्या हिवाळ्यात डांबलं होतं. सुटकेला दीड लाख मार्क चांदी मागितली, आणि ती एकदम न भरता आल्याने ओलीस ठेवावे लागले, हे कळल्यावर "म्हणजे तारण घेतलं," असं म्हणून तिने किल्ल्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

आणि मग त्स्वेंटेनडोर्फ. नदीकाठी उंच चिमणीचा राखाडी अणुवीज प्रकल्प, बांधून पूर्ण झालेला, एकदाही चालू न झालेला. नोव्हेंबर १९७८ मध्ये सार्वमत घेतलं; ५०.५ टक्के लोकांनी नको म्हटलं, तीस हजारांहून कमी मतांनी. विषय संपला.

"तयार झाल्यावर विचारलं?" डॉक्टर.

"आणि ऐकलंही," बाई म्हणाली.

लोकशाहीचा तो ठोकळा पाहून आम्हालाही जोर चढला. जेवायला इथेच थांबायचं की तुल्नपर्यंत रेटायचं, यावर मतदान घेतलं. दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाल्यास अध्यक्षांचं निर्णायक मत, असं मॅनेजर म्हणाली. तिला अध्यक्ष कुणी केलं, असं विचारायला बाईने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरने सायकल स्टँडवर लावली, बाकावर रुमाल अंथरला आणि उरलेले जर्दाळू खायला सुरुवात केली. मॅनेजर दोन मिनिटं उभी होती. मग तिने किती उरलेत ते मोजले, चाराने भागले आणि आपले उचलले.