काटा कुठं बसलाय?

सोनपेठला आमच्या दाजींची आडत आहे. सोयाबीन आणि पाठोपाठ कापूस सुरू झाला, की दारात पोत्यांची थप्पी लागते. मागच्या हंगामात दाजी म्हणाले, "काट्यावरचं वजन आपोआप पावतीवर उतरायला पाहिजे. बघा तेवढं." बहिणीच्या नवऱ्याचं 'तेवढं' नाकारायची सोय आपल्यात नाही. बसलो.

काट्याच्या पाठीला नऊ पिनांचं जुनं तोंड होतं. ही आरएस-२३२ची घराणेशाही १९६०पासूनची. दुकानातल्या कम्प्युटरला तोंडं फक्त यूएसबीची, म्हणजे १९९६नंतरची पिढी. दोघांत दुभाषी म्हणून एक स्वस्तातली वायर आणली. पावतीच्या प्रिंटरचंही तोंड जुनंच, म्हणून त्यालाही तसलीच एक.

कम्प्युटरवर लिनक्स. तिथं जोडलेलं यंत्रसुद्धा फाइलच्या रूपात दिसतं आणि त्या फाइली 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात राहतात. दाजींनी ते 'देव' वाचलं. मी दुरुस्त केलं नाही. पुढं त्याचाच धावा करायचा होता. काट्याचं नाव निघालं टीटीवाय-यूएसबी-शून्य, प्रिंटरचं टीटीवाय-यूएसबी-एक. टीटीवाय म्हणजे टेलिटाइपरायटर. ती खडखडणारी यंत्रं केव्हाच भंगारात गेली, आडनाव तेवढं मागं राहिलं. मी तीच नावं प्रोग्राममध्ये लिहिली, चहा घेतला आणि पुण्याला आलो.

तिसऱ्या दिवशी फोन. "अहो, वजन येईना गेलंय."

लाइट गेली होती. परत आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला आणि शून्यावर जाऊन बसला. हे आकडे म्हणजे पंगतीतले पाट. आधी येईल तो पहिल्या पाटावर. मी मात्र पाटालाच माणूस समजलो होतो. प्रोग्राम इमानेइतबारे प्रिंटरला वजन विचारत होता आणि काट्याला पावत्या पाठवत होता.

मग ओळखपत्रं तपासली. प्रत्येक यूएसबी वस्तूजवळ कंपनीचा क्रमांक असतो, मालाचा क्रमांक असतो आणि नशीब असेल तर स्वतःचा अनुक्रमांक. पायथॉनमधलं 'पायसीरियल' ही सगळी यादी एका ओळीत काढून देतं. अनुक्रमांक असता तर काम तिथंच संपलं असतं, कारण लिनक्स 'सीरियल' फोल्डरात 'बाय-आयडी' नावानं कायमचा पत्ता ठेवतं. पण आमच्या दोन्ही वायरींत सीएच-३४० ही चिप. दोघींचं उत्तर एकच, १ए८६ आणि ७५२३. अनुक्रमांकाच्या जागी कोरा कागद. जुळ्या बहिणी, त्याही बारसं न झालेल्या.

अशा वेळी गावात काय करतात? नाव ठाऊक नसलं तर घर सांगतात, पाराच्या मागं, पिठाच्या गिरणीशेजारी. लिनक्सकडंही ती रीत आहे, 'बाय-पाथ'. वायर कोणत्या भोकात खोचली, त्यावरून पत्ता. मी फोनवरूनच काट्याचं भोक ठरवून दिलं. दाजींनी त्याला कुंकू लावलं. आठवडाभर छान चाललं. मग भाच्यानं मोबाइल चार्ज करायला तीच वायर उपटली आणि नंतर दुसऱ्याच भोकात खोचली. कुंकवाचा मान राखला कुणी?

शेवटी शहाणपण सुचलं ते दुकानात बसल्यावर. आमचा काटा सेकंदाला अनेकदा आपलं वजन सांगत असतो, कुणी विचारो न विचारो. प्रिंटर आपणहून चकार शब्द काढत नाही. म्हणजे पत्ता शोधायचाच कशाला? सापडेल ते प्रत्येक दार उघडायचं, दोन सेकंद कान लावायचा, आकडे ऐकू आले की तो काटा. हे बहुतेक मेव्हण्यांना लग्नाच्या मांडवातच कळतं. मला वीस ओळी लिहाव्या लागल्या.

परीक्षा त्याच संध्याकाळी झाली. लाइट गेली. काट्याची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं तोही विझला. तासाभरानं लाइट आली, प्रोग्रामनं दोन्ही दारं ठोठावली आणि पडद्यावर अक्षरं उमटली : काटा सापडला, वजन ०.०००. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्या आवाजानं अंधारात काट्यावर येऊन झोपलेली मांजर उठली, आळस देऊन खाली उतरली आणि पडद्यावर आलं, उणे ३.३५० किलो.

दाजींनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे कोणाच्या पावतीवर टाकायचं?"