सायकलीचा किल्लेदार

सायकलीइतकी चोरावयास सोयीची वस्तू परमेश्वराने किंवा नॉटिंगहॅमच्या कारखानदारांनी दुसरी निर्माण केलेली नाही. कारण चोरलेला हंडा डोक्यावर वाहावा लागतो, चोरलेले घड्याळ खिशात दडवावे लागते, परंतु चोरलेली सायकल उलट चोरालाच पाठीवर घेऊन पळते, आणि तिच्यावरून भरधाव निघालेल्या इसमाकडे पाहून रस्त्यावरच्या मंडळींना, बिचाऱ्याला कचेरीला उशीर झालेला दिसतो, यापलीकडे कसलाही संशय येत नाही. या एका सिद्धांतावर ज्याने आपल्या संसाराची आणि दिनचर्येची उभारणी केली, त्या सद्गृहस्थाचा परिचय गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मुलखातील जुन्या रहिवाशांस करून देण्याचे वस्तुतः कारण नाही. १९६४ च्या ३१ मार्च रोजी बोरीबंदरहून दादरला ट्रामची अखेरची फेरी गेली, तोपर्यंतच्या काळात तर दर वाडीत व दर चाळीत असा एक तरी गृहस्थ असावयाचाच. पोरे त्याला नुसते काका म्हणत. आम्ही टवाळ मंडळी मात्र त्याचा उल्लेख त्याच्या पाठीमागे ‘किल्लेदार’ असा करीत असू.

चाळीचा रिवाज असा की, पहाटे दूधवाला भय्या आल्यापासून रात्री अंथरुणे पडेपर्यंत कोणत्याही बिऱ्हाडाचे दार लोटलेले नसावयाचे. साखरेची वाटी, दैनिकाचे मधले पान आणि दुसऱ्याच्या घरची भानगड यांची ने-आण कोणाची परवानगी न घेता अष्टौप्रहर चालू असे. अशा या सताड उघड्या मुलखात किल्लेदाराची सायकल तेवढी जेरबंद असे. पेपरवाला आपली सायकल भिंतीला टेकवून बेधडक जिना चढे, डबेवाला डब्यांनी लगडलेली सायकल नाक्यावर उभी करून दोन-दोन इमारती हिंडून येई, आणि किल्लेदार गॅलरीत उभा राहून त्यांच्याकडे पाहत, विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या मुलांकडे बापाने पाहावे तसा, मनोमन कासावीस होई. घरात त्याची ही सावधगिरी फारशी नांदत नसे. “अहो, माझ्या पाटल्यांच्या ट्रंकेचं कुलूप कुठं गेलं?” असे पत्नीने विचारले असता, “ते कामाला लागलंय,” एवढे उत्तर देऊन तो वर्तमानपत्रात डोके घाली.

संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर चालणारा त्याचा विधी पाहण्यासारखा असे. प्रथम मागच्या चाकाचे, सायकलीबरोबरच आलेले कुलूप खटकन बसे. मग जुन्या ट्यूबचे वेष्टन घातलेली जाड साखळी कॅरियरवरून उतरविली जाई, आणि तिने जिन्याखालच्या बिडाच्या नळाशी सायकलीचे लग्न लागे. तिसरे कुलूप, म्हणजे ट्रंकेवरून बदली होऊन आलेले, पुढच्या चाकाच्या तारा आणि चिमटा यांच्यामध्ये विराजमान होई. त्यानंतर जप्ती सुरू होई. पंप निघे, दिवा निघे, घंटीची वाटी उलगडली जाई, आणि हवा कुंद असली, म्हणजे का कोण जाणे चोरांना स्फूर्ती येते असा त्याचा समज असल्यामुळे, सीटही उपटले जाई. हा सर्व ऐवज छातीशी धरून तो वर चढे, दुसऱ्या मजल्यावरून परत खाली उतरे, साखळीला हिसका देऊन पाही, आणि मगच कोट काढी. त्या खडखडाटाच्या सुमारास पहिल्या मजल्यावरच्या आजी देवापुढे दिवा लावीत; रविवारी कचेरी बंद असल्यामुळे त्यांचा दिवा हटकून उशिरा लागे.

चेष्टा क्षणभर बाजूला ठेवून न्यायाने बोलावयाचे, तर त्याचे शास्त्र निर्दोष होते, आणि आजही ते कोणीच खोडून काढू शकणार नाही. वरळीच्या हिंद कारखान्याची नवीकोरी सायकल घेऊन एखादा तरुण वाडीत अवतरला की, किल्लेदार त्याला जिन्याखाली नेऊन दीक्षा देई. नुसत्या चाकाच्या कुलपाने चाक फिरावयाचे थांबते, सायकल जावयाची थांबत नाही. चोर ती खांद्यावर टाकतो, नाही तर हातगाडीवर चढवून, दुरुस्तीला चालली आहे असे सांगत राजरोस नेतो. पुढच्या चाकाला साखळी बांधून निर्धास्त होणारा तर निव्वळ भाबडा. चोर पान्याने दोन नट ढिले करून उरलेली सायकल नेतो, आणि मालकाला पावतीदाखल चाक ठेवतो. तेव्हा साखळी ओवावयाची ती मागच्या त्रिकोणातून, रिमेला पोटात घेऊन; कारण ते चाक त्या त्रिकोणातून आख्खे ओढून काढता येत नाही, आणि एकाच वेढ्यात चाक व फ्रेम दोन्ही अडकतात. साखळी सैल सोडू नये, सैल साखळीत पहार शिरते. ती जमिनीला टेकू देऊ नये, टेकली तर सरकारी रस्ताच चोराची ऐरण होतो आणि एका छिन्नीत काम भागते. कुलपाचे तोंड खाली असावे. निम्मे चोरांसाठी, निम्मे आषाढातल्या पावसासाठी. सायकल अडकवावयाची ती वस्तू उंच हवी, नाही तर बुटक्या खांबावरून साखळीसकट उचलून घेता येते. आणि ती लाकडी कठड्याची तर मुळीच नको, कारण करवतीला साखळीपेक्षा सागवान अधिक प्रिय असते. एवढे सांगून झाल्यावर तो नळावर थाप मारून म्हणे, “बीड आहे बीड! आपल्या नातवंडांच्या काळातही असाच उभा राहील.” तो तरुण या व्याख्यानाने इतका भारावून जाई की, तितक्या वेळात त्याची स्वतःची सायकल वाडीच्या तोंडाशी बिनकुलपाची उभी आहे, याचा त्यालाच काय, आचार्यांनाही विसर पडे.

या उपासनेचे त्याचे आद्यपीठ लालबागेत होते. आर्देशीर गोदरेज यांनी वकिलीला रामराम ठोकून १८९७ साली तेथे कुलपे बनविण्याचा कारखाना घातला, ही हकीगत त्याला मुखोद्गत असे. आणि लालबाग म्हटल्यावर लोकांना गिरण्या, चिवडा आणि गणपती आठवतात पण कुलूप आठवत नाही, हा त्याच्या मते इतिहासकारांचा अक्षम्य गुन्हा होता. पुढे १९५४ साली त्याच घराण्याचे ‘नवताल’ बाजारात आले, तेव्हा जावळ काढलेल्या नातवाला दाखवीत फिरावे तसा तो ते घेऊन बिऱ्हाडोबिऱ्हाडी हिंडला. अलिगडी कुलपांबद्दल तो वडीलधाऱ्यांविषयी बोलावे तसे आदराने पण अविश्वासाने बोले.

वाडीतील एका निवृत्त मास्तरांनी त्याची ही श्रद्धा ढळविण्याचा एकदा पद्धतशीर प्रयत्न केला. लंडनात पिकॅडिलीवर ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले असे, आणि ते किल्लीवाचून उघडणारास दोनशे गिनींचे इनाम जाहीर केलेले होते. साठांहून अधिक वर्षे कोणाची डाळ शिजली नाही. मात्र १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला, त्याने चबचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, आणि ब्रामाच्या कुलपापुढे सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास बसून तेही उघडून दाखविले. तात्पर्य, मास्तर म्हणाले, मनुष्याने लावलेले कुलूप मनुष्य उघडणारच. सर्व मंडळी किल्लेदाराच्या मुद्रेकडे पाहू लागली. तो मुळीच विचलित झाला नाही. “एकावन्न तास!” तो म्हणाला, “मास्तर, आपल्या मुगभाटात माझ्या सायकलीपाशी परका माणूस एकावन्न तास बसला, तर निदान त्याला चहा तरी कोणी विचारील की नाही?” या युक्तिवादात, किल्लेदाराच्या नकळत, चाळीचा सारा बंदोबस्त येऊन गेला होता, परंतु स्वतःच्या बोलण्याचा अर्थ लावण्याइतकी फुरसत त्याला कधीच नसे.

किल्लीचा मुक्काम मुलखागणिक बदले. गिरगावातला किल्लेदार ती जानव्याला बांधी, त्यामुळे संध्या करताना गायत्रीबरोबर एक बारीक किणकिणही देवापर्यंत पोहोचे. परळ-लालबागकडचा, गिरणीत खात्यावर असणारा किल्लेदार ती करगोट्याला अडकवी, आणि पाळी सुटल्यावर फाटकातच सदरा वर करून चाचपून पाही. दुसरी किल्ली अत्यंत गुप्त स्थळी ठेवलेली असे, आणि ते स्थळ, म्हणजे देव्हाऱ्यातील गणपतीच्या पाटाखाली, सबंध चाळीला ठाऊक असे. कारण पहिली किल्ली कचेरीत विसरल्यावर तो स्वतःच गॅलरीतून ओरडून मुलाकडे ती मागे.

बाहेर पडणे ही मात्र त्याच्यापुढची खरी समस्या होती. साहित्य संघात नाटकाला गेला, तर तो दाराकडची खुर्ची धरी आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी नायिकेला संकटात टाकून सायकलीची वास्तपुस्त करून येई. त्यामुळे अनेक नाटकांचे शेवट त्याला माहीत नसत, पण तिसऱ्या अंकाच्या वेळी फाटकापाशी कोण कोण विड्या ओढतो हे सांगता येई. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत शिवाजी पार्कवर सभांना लोटणाऱ्या त्या अफाट गर्दीत तो होता खरा, परंतु झाडाभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याशी साखळी बांधून, एक हात सीटवर ठेवून. घोषणेच्या वेळी त्याचा एकच हात वर जाई. चौपाटीच्या सभांवर तर त्याने बहिष्कारच घातला होता. कारण राजकीय नव्हते. वाळूत साखळी कशाला बांधावी, हा प्रश्न सुटत नव्हता.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने, चित्रपटाचे नाव ऐकून, काकांना मोठ्या अगत्याने डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहावयास नेले. रोममधला तो बेकार मजूर शिडीवर चढून भित्तिपत्रक चिकटवीत असता त्याची सायकल चोरीस जाते, बापलेक दिवसभर वणवण करतात, आणि अखेर तो बापच हताश होऊन दुसऱ्याची सायकल चोरावयास जातो व मुलादेखत पकडला जातो. थिएटरात हुंदके चालले होते. पुतण्याने डोळे पुसून शेजारी पाहिले, तो काका संतापाने लाल झालेले. “नुसती भिंतीला टेकवली आणि चढला शिडीवर! साखळी नाही, काही नाही!” मग जिना उतरताना त्यांना दुसरा मुद्दा सुचला. “आणि ती दुसरी? तीही मोकळीच! अरे, त्या गावात कुलपं मिळत नाहीत काय?”

कायद्याच्या अंगानेही त्याची जय्यत तयारी असे. सायकल चोरीला गेलेला माणूस चौकीवर जातो, तेव्हा हवालदार त्याला फ्रेमवर ठोकलेला नंबर विचारतो, आणि फिर्यादी, सायकल काळ्या रंगाची होती, असे सांगून मुंबईतील बहुतेक सायकलींवर हक्क शाबीत करतो. किल्लेदाराने तो नंबर पंचांगाच्या मलपृष्ठावर मुलांच्या जन्मवेळांच्या खाली टिपून ठेवलेला असे. दंडविधानाचे चोरीचे कलम ३७९ आणि चोरीचा माल बाळगणाराचे कलम ४११ त्याला तोंडपाठ असत, आणि पंचनाम्याचा मसुदा त्याने मनातल्या मनात इतक्यांदा केला होता की, प्रत्यक्ष चोरीवाचून तो वाया जात आहे याची थोडी हळहळही त्याच्या बोलण्यात डोकावे. शुक्रवारी सुटी पडली, तर सकाळीच चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एक फेरी टाकून, तेथे मांडलेल्या हँडलांत, पेडलांत आणि घंट्यांत आपले काही आहे काय, हे तो पाहून येई. सायकल घरी तिहेरी कुलपात असे. तो पायी जाई. किंबहुना पुढे पुढे तो बहुतेक ठिकाणी पायी किंवा ट्रामनेच जाऊ लागला, कारण सायकल जेथे नेली तेथे ती बांधावी लागणार, आणि घरच्या नळासारखा भरवशाचा नळ फोर्टात कोठेही त्याच्या दृष्टीस पडला नव्हता.

फणसवाडीकडच्या एका किल्लेदाराच्या नळाची हकीगत त्या भागात बरेच दिवस रंगवून सांगितली जाई. पावसाळ्याच्या तोंडावर घरमालकाने, कित्येक वर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर, गळके नळ बदलण्याचे मनावर घेतले. मिस्त्री आला, त्याने सांधा सोडविला, खालचा तुकडा बाजूला केला, आणि साखळी कुलपासकट, कुलूप किल्लीवाचून, अलगद खाली उतरली. सायकल कामात अडचण करू लागली, म्हणून दोघा गड्यांनी ती उचलून वाडीच्या तोंडाशी, ऐन रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली, आणि नवा नळ बसवून ते निघून गेले. दिवसभर तिच्यासमोरून फेरीवाले गेले, हातगाड्या गेल्या, शाळेची पोरे गेली, एक भिकारी तिच्या सावलीत दुपारची झोप काढून गेला. संध्याकाळी किल्लेदार ट्रामने परतला. तिन्ही कुलपे शाबूत, साखळी चाकाभोवती घट्ट, आणि त्या सर्वांच्या पलीकडे नळ नाही, खांब नाही, काही नाही.

मंडळी अभिनंदन करावयास धावली. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “देवानं राखली हो!” किल्लेदार काही बोलला नाही. त्याने सायकलीला एक प्रदक्षिणा घातली, घंटीची मोकळी जागा पाहिली, मडगार्डावरचा गंज नखाने खरवडला, आणि मग अत्यंत दुखावलेल्या स्वरात मास्तरांना विचारले, “सकाळपासून रस्त्यावर आहे म्हणता? आणि एकानंही हात लावला नाही?”

पुढचे दोन दिवस त्याने जेवणात लक्ष घातले नाही. तिसऱ्या दिवशी सायकल दुकानात नेऊन त्याने तिच्या हँडलावर नवे निकेल चढवून घेतले, मडगार्डांना चकचकीत काळा रंग दिला, कातड्याचे नवे सीट बसविले, आणि येताना चौथे कुलूप विकत घेतले.