नोंदवहीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
मा. नोंदवहीबाई (शिल्लक क्लोरीन),
पंपघर, खिडकीजवळचे टेबल.

विषय : अखंड व अविचल सेवेबद्दल अभिनंदन करणेबाबत.
संदर्भ : बाईंच्याच मागील ३६५ नोंदी.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये बाईंना कळविण्यात येते की, पाणी शुद्धीकरण खात्याच्या वार्षिक कामगिरीचा आढावा घेतला असता त्यांच्याइतका शांत स्वभाव खात्यात दुसऱ्या कोणाचाही आढळला नाही. पहिल्या पावसाने नदी बिनदुधाच्या चहासारखी झाली, तुरटीची मात्रा एका दिवसात तीनदा बदलावी लागली, वीज गेली, डोसिंग पंप रुसला, गाळण्या रात्री-अपरात्री उलट्या पाण्याने धुवाव्या लागल्या. बाईंच्या रकान्यात मात्र ०.५. संक्रांतीला ०.५, होळीला ०.५, आणि ज्या दिवशी क्लोरीनचा सिलिंडर संपून गाडीची वाट बघणे चालले होते, त्या दिवशीही ०.५. शाई एकच, अक्षर एकच. महिन्याच्या शेवटी साहेबांची सही, तीही एका दमात तीस ओळींवर फिरलेली.

आकड्याची निवडही जाणकाराची आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे म्हटले आहे. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. बाईंनी ०.२ लिहिले असते तर कोणीतरी ‘काठावर पास’ म्हणाले असते. २ लिहिले असते तर गावाने वासाची तक्रार केली असती. ०.५ कसे सुसंस्कृत दिसते.

अडचण एवढीच की क्लोरीन हा पदार्थ बाईंसारखा स्थिरचित्त नाही. पाण्यात पडल्यापासून तो खर्ची पडू लागतो. सेंद्रिय मळ त्याला खातो, अमोनिया त्याला गुंतवतो, पाइपाच्या आतला थर त्याला चाटतो, ऊन लागले तर उडूनच जातो. टाकलेल्यातून हे सगळे वजा जाता जे उरते ते ‘शिल्लक’. ते सकाळ-संध्याकाळ वेगळे असते, जूनमध्ये आणि जानेवारीत वेगळे असते, टाकीखालच्या नळाला आणि वस्तीच्या टोकाच्या नळाला तर फारच वेगळे. आजचा आकडा कालच्याहून कमी निघाला तर त्याचा अर्थ असा की आज पाण्यात क्लोरीनला खायला काहीतरी जास्त आले आहे. हे सांगण्यासाठीच बाईंचा जन्म. वर्षभर एकच आकडा दाखवणारी नाडी वैद्याच्या हाती लागली, तर वैद्य रोग्याचे अभिनंदन करत नाही.

बाईंच्या घराण्यातील सर्वांत नावाजलेली कन्या कॅनडात होऊन गेली, तिची आठवण या प्रसंगी काढणे उचित ठरेल. ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. तेथील पाणीपुरवठा स्टॅन कोबेल हे व्यवस्थापक पाहत आणि त्यांचे बंधू फ्रँक फोरमन होते. दोघांचेही या कामाचे शिक्षण बेताचेच. नोकरीत मुरलेले म्हणून प्रमाणपत्र मिळालेले. विहिरीचे पाणी मुळातच उत्तम आहे अशी दोघांची मनापासून श्रद्धा होती. ते स्वतः बिनक्लोरीनचे पाणी पीत, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण ते खलनायक नव्हते. त्यातून गावकऱ्यांना क्लोरीनचा वास आवडत नसे. मग क्लोरीन कमी टाकले जाई, मोजले तर बहुधा जातच नसे, आणि तिथल्या नोंदवहीबाई ०.५ किंवा ०.७५ असे गोड आकडे धरून असत. तपासणीचे नमुनेही सोयीच्या नळावर भरून त्यांवर दुसऱ्या ठिकाणांची नावे चिकटवली जात.

मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. पाच नंबरच्या उथळ विहिरीजवळच्या शेतातले शेणखत झिरपून पाण्यात उतरले आणि त्याबरोबर ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू. (शेतकऱ्याने खत नियमाप्रमाणेच टाकले होते, चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही.) प्रयोगशाळेने १७ मे रोजी नमुने दूषित असल्याचे कळवले, तेही फक्त पाणीखात्याला. पुढच्या दोन-तीन दिवसांत आरोग्य खात्याने फोन करून विचारले तेव्हा पाणी ठीक आहे असे सांगण्यात आले. २१ मे रोजी आरोग्य खात्याने स्वतःच्या जबाबदारीवर ‘पाणी उकळून प्या’ असे जाहीर केले. तोवर उशीर झाला होता. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात जण गेले. दोघा भावांना पुढे शिक्षा झाली, एकाला तुरुंगाची, दुसऱ्याला नजरकैदेची.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांचा चौकशी अहवाल बाईंनी सवडीने वाचावा. त्यात भावांना माफी नाही, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही नाही. प्रांताच्या पर्यावरण खात्याचे निरीक्षक तिथे येऊन गेले होते, कागद पाहून गेले होते, आणि रोज तोच तो आकडा कसा, हा प्रश्न त्यातून उठवला गेला नाही. त्याच वर्षांत खात्याच्या खर्चाला मोठी कात्री लागली होती आणि सरकारी प्रयोगशाळांनी गावोगावच्या पाण्याची तपासणी सोडल्यामुळे ती खासगी हातांत गेली होती. थोडक्यात, खोटा आकडा लिहायला एक माणूस पुरतो, पण तो वर्षानुवर्षे टिकवायला अख्खे खाते लागते.

आपल्याकडे वासाची तक्रार नसते असे नाही. फरक इतकाच की आपण जारवाल्याला फोन करतो. जारचे पाणी ज्या आरओ यंत्रातून येते त्यात पडद्याच्या आधी कार्बनची गाळणी असते आणि ती क्लोरीन काढून टाकते, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. म्हणजे जारमधले पाणी चवीला गोड, पण रक्षकाविना. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा तिथल्या काही खासगी आरओ केंद्रांचे नमुने दूषित निघाले आणि त्यांना टाळे लागले.

आता गावाकडे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा एक जलसुरक्षक असतो. पदनाम ऐकून छाती फुगावी; मानधन ऐकून ती पूर्ववत होते. बहुतेक ठिकाणी टाकी भरणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, पाणीपट्टीची पावती फाडणारा आणि ग्रामसभेच्या सतरंज्या अंथरणारा माणूस तोच. त्याने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे द्रावण करायचे, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे, अर्धा तास थांबायचे आणि मग पहिल्या, मधल्या व शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट घ्यायची : नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पोते उघडे राहिले, ओल लागली, की पावडरीचा जोर उतरतो; पांढरी भुकटी तशीच दिसते, काम करत नाही. हे त्याला ठाऊक असते. नवे पोते कधी येणार हे त्याला ठाऊक नसते.

वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला, स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे राहून साथ आली नाही तर चंदेरी. योजना चांगलीच आहे. पण शेवटच्या घरी रंग आला नाही असे ज्याने खरेखुरे लिहिले, त्याच्या वाट्याला नोटीस, आणि ज्याने ०.५ लिहिले त्याच्या वाट्याला सत्काराची शाल, असा हिशेब जिथे बसला तिथे बाईंना दोष देण्यात काय हशील? रकाना भरणारा हात ओळखूनच असतो की वर कोणता आकडा आवडतो.

बाई म्हणतील, खरे लिहून तरी काय होते? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचे पात्र पुरानंतर सरकले आणि नजफगढ नाल्याची घाण दिल्लीच्या वजिराबाद केंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आली. तिथल्या लोकांनी ते ओळखले, क्लोरीनचा डोस वाढवला. विषमज्वराची लाट आली नाही, जिवाणू मेले. कावीळ मात्र आली, सुमारे २९ हजार रुग्णांची. कोणता विषाणू, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. जपून ठेवलेल्या रक्तद्रवांवरून ही कावीळ ‘ए’ प्रकारची नव्हे हे १९८० मध्ये पुढे आले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधक होते. आज आपण तिला ‘हेपटायटिस ई’ म्हणतो. पंचवीस वर्षांनी असा शोध लागू शकला, कारण त्या वेळी काय झाले, केव्हा झाले, काय केले, हे कोणीतरी लिहून ठेवले होते.

मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एकट्या भांडुप संकुलात रोज १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन केंद्रे चालतात, तिथे क्लोरीन मोजायला नुसती वही पुरणार नाही हे उघड आहे. वॉकर्टनच्या अहवालानेही तेच म्हटले : क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर अनर्थ टळला असता. त्यामुळे बाईंच्या जागी ऑनलाइन ॲनालायझर बसवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. यंत्र झोपत नाही, त्याला साहेबांची आवड कळत नाही. त्याचे सेन्सर मात्र वेळोवेळी पुसावे लागतात आणि कॅलिब्रेशन करावे लागते. ते केल्याची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र नोंदवही उघडण्यात येत असून, त्या पदावर बाईंच्या धाकट्या भगिनींची नेमणूक झाली आहे. त्यांची पुढील महिन्याची पाने भरून तयार आहेत.

आपला विश्वासू,
(सही अस्पष्ट)

सोबत : ओटी द्रावणाची बाटली, एक नग. सील शाबूत, मुदत संपलेली.

प्रत : जलसुरक्षक यांना माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी.
प्रत : शेवटचे घर, खालची आळी. (पाणी पोहोचल्यावर द्यावी.)