सॉरी हं, ब्राझील घेतो

कामचाट्का कुठे आहे, हे डोंबिवली पूर्वेला फार थोड्यांना माहीत असेल. त्यातले पाच जण शनिवारी रात्री आमच्या डायनिंग टेबलाभोवती सापडतात. शाळेत भूगोलाशी आमचं नातं पस्तीस मार्कांपुरतंच होतं. आता मात्र इर्कुट्स्कला कुठले चार प्रदेश लागून आहेत, हे आमचा वकील झोपेतून उठवलं तरी सांगेल. हा भूगोल जरा तिरपागडा आहे, हे कबूल. आमच्या पटावरचा युक्रेन एवढा ऐसपैस, की मॉस्को त्याच्या पोटात. अफगाणिस्तानने कझाकस्तान गिळलाय आणि ढेकरही दिलेला नाही. पण अख्खं जग ४२ प्रदेशांत बसवायचं म्हटल्यावर कुणाची तरी जमीन जाणारच.

खेळाचं नाव ‘रिस्क’. फासे टाकायचे, शेजाऱ्याचा प्रदेश घ्यायचा, आणि असं करत करत सगळं जग. बाकीचे नियम वाचून दाखवण्यात अर्थ नाही, कारण ते समजून सांगायला लागणाऱ्या वेळात निम्मा आशिया हातातून जातो.

मला यात खरं कुतूहल आहे ते माणसांचं. तावातावाने बोलणारे, टेबलावर मुठी आपटणारे लोक या खेळात लवकर मरतात. जग जिंकतात ते अण्णा.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. चहात साखर कमी पडली तर मागत नाहीत, म्हणतात, “हल्ली मी कमीच घेतो.” त्यांच्या सोसायटीत त्यांच्या पार्किंगच्या जागेवर कुणीतरी स्कूटर लावतं, तर हे स्वतःची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करतात. उगाच कशाला कुणाला दुखवा! असा हा सज्जन माणूस पट मांडला की चष्मा पुसतो आणि गुपचूप ऑस्ट्रेलियात जाऊन बसतो.

जाणकार हसतील, पण ऑस्ट्रेलिया म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट आहे. प्रदेश चारच, आत यायला दार एकच, सयामचं. आणि चारही हातात असले की दर खेपेला दोन पलटणी फुकट. आशियाचे बारा प्रदेश घेतले तर सात मिळतात म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की आमच्याकडे अजून ते सात कुणाला मिळालेले नाहीत.

त्याला कारण मास्तर. मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना भारत लागतो. वाटणीत आला नाही तर पहिल्याच खेपेला जिंकून घेतात. भारताला चार बाजूंनी शेजारी, चारही बाजूंनी मार. शहाणा माणूस तिथे दोन शिपाई ठेवून गप्प बसेल. पण समोर अफगाणिस्तान दिसला की मास्तरांच्या अंगात १७५८ साल संचारतं. अटकेपार जायचंच! सगळी फौज घेऊन निघतात, आणि मागे रिकाम्या देशात सयामकडून कोण शिरतंय ते बघत नाहीत. मग १७६१ उजाडतं. “मास्तर, पिछाडी!” असं आम्ही ओरडतोसुद्धा, पण संक्रांत कोसळायची ती कोसळतेच. त्यानंतर मास्तर अर्धा तास सदाशिवरावभाऊंची बाजू मांडतात. त्यात त्यांची स्वतःचीही येते.

बंटी आमच्यात सगळ्यात लहान, संगणकावर काम करणारा. हल्ला करणाऱ्याला तीन फासे, बचावाला दोन, बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकला. (वकील याला संशयाचा फायदा म्हणतो.) बंटीला या सगळ्याची टक्केवारी पाठ आहे. तीनाला दोन असा सामना असेल तर समोरचे दोन्ही पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, आपलेच दोन पडण्याची २९. मागे एकदा तो ग्रीनलंडमधून नऊ पलटणी घेऊन आइसलंडवर आला. तिथे माझा एकच शिपाई. त्या एकट्याने ओळीने पाच वेळा बंटीला परतवलं. बंटी कळवळून म्हणाला, “काका, ही शक्यता अर्धा टक्कासुद्धा नाहीये!” मास्तरांनी जागेवरून उठून त्या प्लास्टिकच्या शिपायाला मुजरा केला. तेव्हापासून आमच्यात एकट्याने खिंड लढवणाऱ्याला बाजीप्रभूच म्हणतात. बंटीला ते पटलेलं नाही. त्याचा संशय फाशांवर आहे.

या खेळाचा जनक कोण असेल असं तुम्हाला वाटतं? एखादा निवृत्त सेनापती? छे. अल्बेर लामोरिस नावाचा फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक. ज्याने १९५६ साली ‘द रेड बलून’ काढला, तोच. पॅरिसमधला एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. संवाद जवळजवळ नाहीत, तरीही पटकथेचं ऑस्कर मिळालं. बघताना कठोरातल्या कठोर माणसाचा घसा दाटून यावा असा सिनेमा. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, याच हळव्या गृहस्थाचा जग पादाक्रांत करायचा खेळ फ्रान्समध्ये बाजारात आला. हे वाचलं तेव्हा मला लामोरिसच्या जागी थेट अण्णाच दिसले.

गेल्या शनिवारचीच गोष्ट घ्या. वकिलाकडे सगळं दक्षिण अमेरिका खंड होतं आणि पलीकडे उत्तर आफ्रिकेत अण्णांची छावणी पडली होती. (माझा आफ्रिकेतला संसार तोवर आटोपला होता आणि मी चहा टाकायच्या खात्यावर होतो.) वकिलाने तह मागितला. नुसता तोंडी नाही. विजेच्या बिलाच्या पाठीवर लेखी. “उत्तर आफ्रिकेतून ब्राझीलवर हल्ला करणार नाही.” अण्णांनी तो तीनदा वाचला, खाली बँकेतली ती लांबलचक सही केली आणि सहीखाली दोन रेघा मारल्या. वकील निर्धास्त होऊन भडंगाकडे वळला.

पत्त्यांचं एक प्रकरण असतं. तीन पत्ते जमवून टाकले की पलटणी मिळतात. पहिल्यांदा टाकणाऱ्याला चार, नंतरच्याला सहा, मग आठ, दहा, बारा आणि सहाव्याला पंधरा. तरुण माणसाला धीर नसतो, तो चारावरच मोडतो. आयुष्यभर लोकांना मुदतीआधी ठेव मोडू नका म्हणून समजावलेले अण्णा थांबले होते. त्यांनी पंधरा घेतल्या. सयाममधून चीन, चीनमधून मंगोलिया, कामचाट्का. तिथून समुद्र ओलांडून अलास्का. “सॉरी हं बंटी.” अल्बर्टा. “सॉरी हं.” बंटी संपला, त्याचे पत्ते नियमाप्रमाणे अण्णांकडे गेले, त्यातून आणखी वीस पलटणी उभ्या राहिल्या. मग मध्य अमेरिका, व्हेनेझुएला, आणि तिथून ब्राझील.

“अण्णा! तह!” वकील किंचाळला.

अण्णांनी बिल त्याच्यापुढे सरकवलं. “उत्तर आफ्रिकेतून नाही आलो रे मी. तूच लिहिलंयस.”

एवढी वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला त्या क्षणी पुढची तारीखसुद्धा मागता आली नाही.

दीड वाजता जग संपलं. अण्णांनी सगळे शिपाई रंगाप्रमाणे वेगळे करून डब्यात भरले, कपबश्या मोरीत नेऊन ठेवल्या, “फार उशीर केला तुम्हाला” म्हणून माझ्या बायकोची माफी मागितली. आम्ही खाली उतरलो तर गेटला कुलूप आणि वॉचमन खुर्चीत गाढ झोपलेला. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. जरासे खाकरले. मग आणखी हळू खाकरले. शेवटी मागे वळून मास्तरांच्या कानाशी लागले, “मास्तर, तुम्ही उठवता का याला? मला बाई कसंतरीच वाटतं.”

आणि तासाभरापूर्वी त्यांनी ज्याचं हिंदुस्थान बेचिराख केलं होतं, तो माणूस मुकाट्याने पुढे झाला.