मचाण घरचं, तोंड शेजारी

टेक्सासात बंदुकीने हरणं मारायचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्याच्या कितीतरी आधी कुंपणापासून दोन हातांवर एक मचाण उभं राहतं. खांब स्वतःच्या जमिनीत, शिडी स्वतःच्या जमिनीत, चढणाऱ्याचे बूटही स्वतःच्याच जमिनीत. फक्त वरच्या खुर्चीचं तोंड शेजाऱ्याकडे.

खुर्ची बहुधा फिरती असते. चारी दिशा न्याहाळता याव्यात म्हणून बनवणाऱ्याने बिचाऱ्याने तिला बेअरिंग बसवलेलं असतं. मालकाच्या पाठीमागे त्याचंच शंभर एकर रान पडलेलं, पण तिकडे खुर्ची वळेल तर शपथ! आपल्याकडचा बांधकोऱ्या वर्षाला नांगराचं एखादं तास शेजाऱ्याच्या रानात सरकवतो; त्याने खाल्लेली जमीन निदान मोजणीत सापडते. ह्या गृहस्थाची खुर्ची कोणत्या मोजणीत धरायची? जोडीला मक्याचं पिंप. टायमर लावलेलं हे पिंप पहाटे आणि सांजेला खळ्ळकन दाणे उधळतं. खासगी जमिनीवर असं आमिष टेक्सासात कायदेशीर आहे. तेव्हा पिंपही कुंपणाला खेटून. पलीकडच्या झाडीत झोपलेल्या हरणाला न्याहारीसाठी फार चालावं लागू नये, एवढीच काय ती भूतदया.

कायदा झोपलेला नाही. १९९७ पासून तिथे ‘आत येऊ नका’ हे झाडावरच्या जांभळ्या रंगाने सांगता येतं. पट्टा उभा हवा, किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, त्याचं खालचं टोक जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या दरम्यान. शिकार करताना गोळी हद्द ओलांडून गेली तर तोही गुन्हा. सगळं इंचात मोजलेलं. खुर्चीचं तोंड तेवढं राहून गेलं.

पण हरणाने जांभळा रंग वाचलेला नसतो. फुप्फुसातून गोळी आरपार गेली तरी ते पुष्कळदा शंभर यार्ड धावतं आणि मग कोसळतं. कुंपणाशी मारलेलं हरीण पलीकडे जाऊन पडणार, हे मचाण ठोकणाऱ्याला ठोकतानाच ठाऊक असतं. आता एक कलम म्हणतं, जमीनमालकाच्या संमतीशिवाय जखमी जनावराच्या मागे जायचं नाही. दुसरं म्हणतं, मारलेलं जनावर शोधून आणायचा प्रामाणिक प्रयत्न करा, नाहीतर तोही गुन्हा. मग अंधारात, टॉर्च घेऊन, स्वारी त्याच शेजाऱ्याचं दार वाजवते ज्याच्याकडे ती आठवडाभर दुर्बिणीतून बघत होती. शेजारी ‘नाही’ म्हणाला की गावभर बोभाटा: माणुसकी उरली नाही, मांस कुजलं, कोल्ह्यांनी खाल्लं! अरे, माणुसकीचं एवढं अगत्य होतं तर मचाण शंभर यार्ड मागे घ्यायला काय धाड भरली होती? नेम चुकलेला असला तर जनावर रक्त सांडत रात्रभर झुडपात तडफडतं आणि हा शेजारधर्मावर प्रवचन देतो. याला शिकारी म्हणू नये. हा नेम धरून बसलेला घुसखोर आहे.

गंमत म्हणजे, गोळी हद्दीपार जाण्यालाही कायद्याने वाट ठेवली आहे: पलीकडच्या मालकाशी लेखी करार. तो करायला ऑक्टोबरातली एक दुपार पुरते, आणि तेव्हा उजेडही असतो.