किल्ली एजंटाकडे, सही तुमची

जुलै उजाडला की पगारदार आणि पेन्शनर घरांतून ठरलेला फोन जातो. ‘आमचं रिटर्न राहिलंय, फॉर्म सोळा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का?’ फॉर्म सोळापाठोपाठ पॅन जातं, आधार जातं. पासवर्ड समोरच्याकडे आधीपासून असतोच. थोड्या वेळाने ओटीपी येतो, तोही वाचून दाखवला जातो. मग पाचशे, आठशे, कुठे हजार रुपये. कुठला आकडा कुठे टाकला, हे कोणी विचारत नाही. ही सवय मोडायला हवी.

आयकर खात्याच्या स्वतःच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक रुपयाही लागत नाही. आताचं पोर्टल 7 जून 2021 रोजी सुरू झालं. पहिले काही महिने त्याने लोकांना रडवलं, हे खरं आहे. पण आज तिथे लॉगिन केलं की तुमचा पगार, बँकांनी कळवलेलं व्याज आणि कापलेला टीडीएस आधीच भरलेला दिसतो. एका नोकरीचा पगार किंवा पेन्शन, राहतं घर आणि चार एफडी असलेल्या माणसाचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. ज्याला मोबाईलवर विजेचं बिल भरता येतं, त्याला हे जमतं.

आमच्या शेजारच्या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. वर्षानुवर्षं एकच एजंट त्यांचं रिटर्न भरायचा. गेल्या खेपेला रिफंड अपेक्षेपेक्षा कमी आला, म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर बसलो. पासवर्ड त्यांना माहीतच नव्हता. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून नवा केला. आत गेलो तर प्रोफाईलमध्ये मोबाईल एजंटाचा, ईमेलही एजंटाचा. खात्याने पाठवलेलं प्रत्येक पत्र त्याच्याकडे जात होतं. दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नमध्ये त्याने टीडीएसचा आकडा चुकीचा टाकला होता. त्यावरून थकबाकीची मागणी निघाली, तिला कोणी उत्तर दिलं नाही आणि ती रक्कम पुढच्या रिफंडमधून वळती झाली. मराठीच्या बाई त्या, तीस वर्षं मुलांच्या वह्यांतली एकेक चूक लाल शाईने दाखवलेली. स्वतःच्या नावावरची चूक मात्र त्यांना कोणी दाखवली नव्हती. त्या गप्प बसून राहिल्या, मला ते बघवलं नाही.

यंदा त्यांनी स्वतः भरलं. मी फक्त शेजारी बसलो होतो.

सुरुवात फॉर्मपासून न करता दोन कागदांपासून करा: फॉर्म सव्वीस एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं, किती टीडीएस कापला, लाभांश कुठून आला, हे सगळं तिथे असतं. ते फॉर्म सोळा आणि पासबुकांशी ताडून पाहा. एआयएसमध्ये चुकीची नोंद असेल तर तिथेच तसं कळवता येतं. आणि पतसंस्थेतलं व्याज विसरू नका. तिथे टीडीएस कापला नाही म्हणून ते करमुक्त होत नाही. एआयएसमध्ये दिसलं नाही तरी ते तुमचं उत्पन्नच आहे.

फॉर्म निवडताना गावाकडची शेती लक्षात ठेवा. ‘सहज’ म्हणजे आयटीआर एक हा फॉर्म पन्नास लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नासाठी आहे, पण शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर गेलं की तो चालत नाही. शेतीवर केंद्राचा आयकर नाही, तरी ते उत्पन्न दाखवावं लागतं आणि नोकरदार माणसाला त्यासाठी आयटीआर दोन घ्यावा लागतो. नोकरी शहरात आणि सातबारा गावात असलेली माणसं नेमकी इथे चुकतात. वर्षाचा घोळही नेहमीचा: एप्रिल 2025 ते मार्च 2026 या काळात कमावलेल्या पैशांसाठी निर्धारण वर्ष 2026-27 निवडायचं.

नवी करपद्धत आता आपोआप लागू होते. घरभाडं, विमा, पीपीएफ यांच्या सवलतींसाठी जुनी हवी असेल तर ती रिटर्नमध्ये निवडावी लागते, आणि तीही मुदतीत. नोकरदाराची मुदत चुकली की जुनी पद्धत हातची गेली. वर पाच हजारांपर्यंत विलंबशुल्क, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर हजार. मुदत 31 जुलै. 2025 मध्ये ती वाढून 15 सप्टेंबर झाली आणि अखेरच्या रात्री आणखी एक दिवस मिळाला, म्हणून दर वर्षी तसंच होईल असं धरून बसू नका. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या मथळ्यावर विसंबून रिटर्न टाळणाऱ्यांनाही सांगतो: तो कर सवलतीमुळे शून्य होतो. नव्या पद्धतीत चार लाखांवर उत्पन्न असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.

शेवटची पायरी लोक सर्वाधिक विसरतात. रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करायची. आधारच्या ओटीपीने ती मिनिटभरात होते. ती केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. रिफंड हवा असेल तर बँक खातंही पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्यावं लागतं.

हे सगळं आठशे रुपये वाचवण्यापुरतं असतं तर मी सदर खर्ची घातलं नसतं. ‘तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणारी जमात गावोगावी आहे. न भरलेलं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, घरात कोणाला नसलेला आजार, असं काहीही ती दाखवते. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांविरुद्ध देशभरात 150 ठिकाणी कारवाई केली. पण नोटीस एजंटाला येत नाही, पॅन ज्याचं त्याला येते. उत्पन्न खोटं दाखवल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्या फॉर्मच्या तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ हे वचन तुम्ही दिलेलं असतं.

ज्यांचा धंदा आहे, ज्यांनी घर किंवा जमीन विकली, जे वायदेबाजारात उतरले, त्यांनी चांगला सीए गाठावा आणि त्याची फी खुशीने द्यावी. ती विद्या आहे, तिचं मोल आहे. माझं भांडण आहे ते तयार आकड्यांवर चार वेळा ‘पुढे’ दाबण्याचे पैसे घेऊन वर तुमची किल्लीही खिशात ठेवणाऱ्यांशी.

आणि खात्याशीही आहे. फॉर्मला ‘सहज’ नाव द्यायचं आणि आत कलमांच्या क्रमांकांचं रान उभं करायचं, हे बरोबर नाही. निवृत्त शिक्षिकेला आपल्या भाषेत, कलमांचा आधार न घेता, तो फॉर्म वाचता आला पाहिजे. लोक एजंटाकडे जातात ते आळसापोटी कमी आणि भीतीपोटी जास्त. ती भीती या भाषेने घातली आहे.

तोवर एवढं करा. आजच पोर्टलवर लॉगिन करा आणि प्रोफाईलमध्ये कोणाचा मोबाईल आणि कोणाचा ईमेल आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदला. घरात आई-वडील पेन्शनर असतील तर त्यांच्या शेजारी बसून त्यांचाही बघा. रिटर्न रविवारी भरता येईल.